मादाम क्रेस्पेलचं दुसरं लग्न

पॅरिस सोडल्यापासून एतिएन गाडी अशी चालवत होता, जणू मागच्या सीटवर ओली बाळंतीण बसलीय. मागे होतं फक्त एक खोकं, आणि खोक्याला धरून अंग चोरून बसलेली ओदील.

"बाबा, तो सायकलवालासुद्धा पुढे गेला."

"जाऊ दे. त्याच्या मागे मोतिया रेशीम नाहीये."

आर्मेल नवऱ्याशेजारी बसून खिडकीबाहेर बघत होती. पेर्शची टेकाडं आता सुरू झाली होती. सफरचंदाच्या बागा फुलून पांढऱ्या झाल्या होत्या आणि प्रत्येक गावाच्या भिंतीवर निवडणुकीची पत्रकं एकमेकांवर चिकटवलेली होती. खोक्यातल्या झग्याला तिच्याइतकं कुणीच ओळखत नव्हतं. थंडी सुरू झाल्यापासून तो तिच्याच अंगावर उभा राहिला होता; आधी मांजरपाटाचा कच्चा नमुना, मग रेशीम. लग्न सासूबाईंचं होतं, पण माप द्यायला त्या पॅरिसला यायला तयार नव्हत्या. "माझी कुत्री म्हातारी झालीय, तिला सोडून मी येत नाही," एवढंच उत्तर फोनवर यायचं. मग एतिएन म्हणाला होता, "तुझे खांदे आणि आईचे खांदे एकच आहेत. तू उभी राहा."

एकच होते, हे खरं. त्या खांद्यांमुळेच तर ती या घरात आली होती. दुआर्नेनेच्या मासळीबाजारात वाढलेली एकोणीस वर्षांची मुलगी दुसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसला मॉडेलची नोकरी शोधायला आली, आणि क्रेस्पेल या फॅशन घराण्याच्या दालनात तिला उभं केलं गेलं. मालकीण ऑनोरीन क्रेस्पेलनं तिचा चेहरा पाहिला नाही, चाल पाहिली नाही. मागून येऊन दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवले आणि म्हणाली, "ही राहील." क्रेस्पेलकडे सगळं खांद्यापासून सुरू व्हायचं. लढाईनंतर बाकीच्या नामांकित घराण्यांनी बायकांच्या कमरा आवळल्या, घोळाच्या आत घोळ शिवले, तेव्हाही ऑनोरीननं कापड तिरपं कापून खांद्यावरून सोडून दिलं. मणी नाहीत, भरतकाम नाही, शिवणसुद्धा जेमतेम. "कापडाला दोन चांगले खांदे द्या, पुढचं त्याला स्वतःला कळतं," असं ती म्हणायची. पहिल्या वर्षी मासिकांनी त्याला गरिबी म्हटलं. दुसऱ्या वर्षी तीच मासिकं त्याला शैली म्हणायला लागली.

आर्मेल तीन वर्षं त्या घराण्याची मापाची बाई होती, आणि मग मालकिणीची सून झाली. पण सासूला ती अजूनही 'मादाम'च म्हणायची. तोंडात बसलं ते बसलं.

"सोलांज येणार आहे?" तिनं विचारलं. उत्तर तिला माहीत होतं, पण घरात शिरण्याआधी नवऱ्याचा नूर बघून घ्यावा म्हणून विचारलं.

"आईच्या लग्नाला मुलगी येणारच," एतिएन म्हणाला. "येऊ दे. मी भांडणार नाही. मी बोलणारच नाही, मग भांडण कुठून होणार?"

"आठ वर्षं तेच तर चाललंय," मागून ओदील म्हणाली.

"तू खोकं सांभाळ."

ऑनोरीन स्वयंपाकघरात होती. सत्त्याहत्तर वर्षांची नवरी, कमरेला निळं फडकं, समोर रश्शासाठी सोललेले कांदे. चुलीवरच्या मोठ्या भांड्यात ससा सायडरमध्ये शिजत होता आणि घरभर वास दरवळत होता. खिडकीपाशी नवरदेव फिर्मँ लोआझेल दाढी करून, हनुवटीवर कागदाचा कपटा चिकटवून बसला होता. या भागातला गुरांचा आणि घोड्यांचा डॉक्टर. एकाहत्तर वर्षांचा होता, पण रात्रीबेरात्री घोडी अडली तर लोक अजूनही त्यालाच उठवायचे. त्याच्या अंगात तपकिरी मखमली कोट होता, ज्याच्या खिशांनी कधीच आपला आकार सोडला होता. एतिएननं पहिल्या भेटीत त्या कोटाकडे पाहिलं आणि नजर वळवली. आजही तेच केलं.

"बसा, बसा," फिर्मँ उठत म्हणाला. "प्रवास कसा झाला?"

"हळू," ओदील म्हणाली.

"आई, वर चल," एतिएन म्हणाला. "आधी बघून घे. अकरापर्यंत काही बारीकसारीक करायचं झालं तर वेळ हवा."

ऑनोरीननं हात पुसले. एकदा फिर्मँकडे पाहिलं. फिर्मँनं जमिनीकडे पाहिलं. ती नजर आर्मेलच्या लक्षात आली.

वरच्या खोलीत एतिएननं खोकं पलंगावर ठेवलं, पातळ कागदांच्या घड्या एकेक करून उलगडल्या, आणि झगा दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरला. सकाळच्या उन्हात रेशीम राखाडी होतं, मग रुपेरी झालं, मग पुन्हा राखाडी. समोर एकही शिवण दिसत नव्हती. ऑनोरीन जवळ गेली. चष्मा डोळ्यांवर चढवला. आतली बाजू उलटून पाहिली, खांदा दोन बोटांत धरला, बाही जिथे खांद्याला जोडतात त्या मुंढ्यावरून अंगठा फिरवला. एतिएन पन्नास वर्षांचा होता, पण परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या असलेल्या पोरासारखा दिसत होता.

"मुंढा कुणी बसवला?"

"मी. स्वतः."

"सुरेख," ऑनोरीन म्हणाली. घाईघाईत म्हटलेला शब्द नव्हता तो. तिनं आयुष्यात फार कमी वेळा उच्चारला होता. "एतिएन, माझ्याहून चांगला बसवलायस." तिनं चष्मा काढला. "पण मी हा घालणार नाहीये."

खाली कुत्री एकदा भुंकली.

"म्हणजे?" एतिएन म्हणाला.

ऑनोरीननं कपाट उघडलं आणि आतून एक निळा झगा काढला. साधा लोकरी क्रेप, गुडघ्याखाली जाणारा, पूर्ण बाह्यांचा, गळ्याशी छोटी कॉलर. तो कपाटात साध्या तारेच्या हँगरवर लटकत होता. क्रेस्पेलांच्या घरात तारेचा हँगर आर्मेलनं आजवर पाहिला नव्हता.

"हा घालणार आहे."

एतिएननं झगा हातात घेतला, कॉलर उलटी केली आणि आत शिवलेली पट्टी वाचली. त्यावर एकच शब्द होता: 'सोलांज'.

"हा तयार कपडा आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली गेला की ओदील दारातून आत सरकली. "आई, हा खुंटीवरचा कपडा आहे. कारखान्यात शिवलेला. तू... तू म्हणाली होतीस, 'माझ्या नावाचा कपडा कुणी खुंटीवरून काढून घालणार नाही.' मी तुझ्या बाजूनं उभा राहिलो. सोलांजला बाहेर काढलं कुणी? मी! तुझ्या त्या एका वाक्यासाठी!"

"मला आठवतंय मी काय म्हणाले होते."

"शिवणघरातल्या बायकांना मी सोमवारी काय सांगू? त्या बिचाऱ्या रविवारीसुद्धा येऊन शिवत बसायच्या, मादामचा झगा म्हणून. आणि उद्या पेपरात काय येईल? मादाम क्रेस्पेलनं लग्न केलं शोकेसमधला झगा घालून! लोक हसतील."

"गावात फोटोवाला एकच आहे, आणि तो जत्रेतली गाय-बैलांची प्रदर्शनं टिपतो," ऑनोरीन म्हणाली. "पेपराचं सोड. तुला वाईट वाटलंय ते बोल."

"हो, वाईट वाटलंय!"

तेवढ्यात अंगणात गाडी थांबल्याचा आवाज आला, दार आपटलं, आणि जिन्यावर भराभर पावलं वाजली. सोलांज कधीच हळू चढायची नाही. दारात येऊन ती थबकली: सेहेचाळीस वर्षांची, कापलेले केस, पायात चपट्या चपला, हातात पिवळ्या ट्यूलिपचा गुच्छ. नजर आईवरून भावावर, भावावरून त्याच्या हातातल्या निळ्या झग्यावर गेली. तिचा चेहरा पडला.

"हा इथे कुठून आला?"

"घे, विचार आईला," एतिएन म्हणाला. आठ वर्षांत त्यानं बहिणीला उद्देशून उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. "जिंकलीस तू. तुझा कपडा घालून आई लग्न करतेय. पेढे वाट आता."

पण सोलांज जिंकल्यासारखी दिसत नव्हती. तिनं फुलं खुर्चीवर टाकली आणि झगा भावाच्या हातातून जवळजवळ ओढून घेतला.

"आई, हा नको! हा गेल्या शरदातला माल आहे. बाही चुकलीय याची. कारखान्यानं मुंढा पुढे ओढून बसवला, मी भांडले त्यांच्याशी, बहुतेक परत पाठवले. थोडे दुकानातच राहिले म्हणून मागच्या खोलीतल्या दांडीवर टांगले, उरलेल्या मालात. हा कुणी विकला तुला? मी त्या मुलीला... आई, तुला दुसरा देते. आत्ता देते. गाडीत चांगला आहे. नाही तर मला दोन तास दे, हातानं बसवून देते बाही."

"दोन तासांत मुंढा उसवून परत बसवणार?" एतिएन म्हणाला. "क्रेपचा?"

"तू गप्प बस."

"दाखव इकडे. कुठे चुकलीय?"

"कुठे काय, दिसत नाही? वरचा झोल पुढे आलाय. हात वर केला की इथे सगळं गोळा होतं."

"हं. वरचा झोल नाही, खालीच कमी पडलंय कापड."

"खाली कसं कमी पडेल? मी स्वतः कापून दिलं होतं."

दोघं एकाच बाहीचे दोन कोपरे धरून उभे होते. ऑनोरीननं शांतपणे पुढे होऊन झगा दोघांच्या हातांतून सोडवला.

"हात लावायचा नाही," ती म्हणाली. "कुणीच नाही. हा मला फिर्मँनं दिलाय."



"परवा दुपारी," ऑनोरीन पलंगाच्या कडेवर बसली. झगा मांडीवर. "दाढ काढायला पॅरिसला गेला होता. गाल हा एवढा सुजलेला. येताना काखेत कागदी पिशवी. म्हणाला, 'तुमच्या मुलीचं नाव दिसलं पाटीवर, म्हटलं बाहेरून कशाला, घरचंच घ्यावं. निळा होता, म्हणून घेतला.' मापाचं विचारलं तर म्हणाला, 'दुकानातल्या मुलीला सांगितलं, बाई माझ्या हनुवटीएवढी आहे आणि खांदे चांगले आहेत.'"

ओदीलच्या तोंडून हसू फुटलं. आर्मेलनं तिला कोपरानं ढोसलं.

"मी चौदा वर्षांची असल्यापासून शिवतेय," ऑनोरीन म्हणाली. "शार्त्रला आईच्या दुकानात कॉर्सेटच्या पट्ट्यांपासून. पुढे राण्यांना कपडे शिवले, नट्यांना शिवले, मंत्र्यांच्या बायकांना आणि त्यांच्या नसलेल्या बायकांनाही शिवले. तुमच्या बापानं मला घड्याळ दिलं, मोती दिले, हे घर दिलं, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो. पण कपडा? मला आयुष्यात कुणी कपडा भेट दिला नाही. कुणाची हिंमतच झाली नाही. क्रेस्पेलला कपडा कोण देणार? आणि हा माणूस, ज्याला पँट कोणत्या बाजूनं पुढे हे सकाळी दोनदा बघावं लागतं, हा दुकानात गेला आणि माझ्यासाठी घेऊन आला." तिनं बाहीवरून हात फिरवला. "बाही चुकलीय. पिशवीतून निघाल्या निघाल्या दिसली मला. पण मी तीच घालणार."

एतिएन खिडकीशी गेला. पाठ करून उभा राहिला.

"माझा चांगला आहे," तो म्हणाला, लहान मुलासारखा.

"तुझा शंभर पटीनं चांगला आहे. मला माहितेय, तुलाही माहितेय, आणि त्याला शेवटपर्यंत कळणार नाही. पण एतिएन, मी तुझ्याशी लग्न करत नाहीये."

आर्मेलच्या मनात आलं, आता नवऱ्याची बाजू घ्यावी. चोवीस वर्षं ती तेच करत आली होती. आठ वर्षांपूर्वी एतिएननं सोलांजचे तयार कपडे दालनातून उचलून जिन्यावर टाकले, तेव्हाही ती काही न बोलता नवऱ्याशेजारी उभी राहिली होती. सोलांजचं काय चुकलं, हे तिला तेव्हाही कळलं नव्हतं. त्या जिन्यावरून एक छोटा तपकिरी कोट घसरत खाली गेला होता. फार सुंदर होता तो कोट.

"मादाम बरोबर बोलतायत," ती म्हणाली.

एतिएन वळला. "तूसुद्धा?"

"मीसुद्धा. दिलेला कपडा घालायचा नाही तर काय करायचा? तू मला कधी दिलास?"

"तुला? अगं, शेकडो झगे तुझ्या अंगावर..."

"अंगावर. माझे नव्हते ते. संध्याकाळी काढून द्यायचे असत."

हे आपण बोललो याचं तिचं तिलाच नवल वाटलं. सोलांज तिच्याकडे पहिल्यांदा पाहत असल्यासारखी पाहत होती. ऑनोरीन मात्र हसली, अगदी मनापासून, आणि पलंगावरच्या राखाडी रेशमाकडे बोट केलं.

"मग हा कुणासाठी शिवलाय असं तुला वाटतं? मी एकदा तरी तो घालून पाहिला का? टाचण्या कुणाला टोचल्या? रेशीम आपल्या बाईला विसरत नाही, आर्मेल. तो तुझाच आहे. आज घाल."

"मादाम, मी कशी..."

"एतिएन, हरकत आहे?"

एतिएननं झगा उचलला, बायकोसमोर धरला, डोळे बारीक केले, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी सैल झालं.

"काठ थोडा वर घ्यावा लागेल," तो पुटपुटला. "आईसाठी उंच टाचांच्या हिशोबानं धरला होता. सुई आहे का कुणाकडे?"

सुई सोलांजकडे होती. तिच्या पर्समध्ये नेहमी असायची. तिनं ती पुढे केली, दोऱ्यासकट.

मग पुरुषाला खोलीबाहेर काढून आर्मेलनं सासूला तयार केलं. तिच्या पाठीवरचे हूक लावताना तिला जाणवलं, की इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा आपण मापासाठी उभ्या नाही, टाचण्या टोचून घेत नाही, आपलेच हात दुसरीच्या पाठीवर आहेत. या बाईचे हात तिला नवऱ्याच्या हातांइतके पाठ होते. कोरडे, गरम, कधीच न घाबरणारे. आज मात्र ऑनोरीननं तीच कॉलर तीनदा नीट केली.

"भीती वाटतेय?" आर्मेलनं विचारलं.

"पहिल्या लग्नात वाटली नव्हती," ऑनोरीन म्हणाली. "तेव्हा काय गमवायचंय ते माहीत नव्हतं." आरशात पाहून तिनं नाक मुरडलं. "कॉलर बरी आहे हं. कॉलर पोरीनं छान काढलीय. तिला सांगू नकोस एवढ्यात."

"सांगा ना तुम्हीच, मादाम."

"आणि तू ते मादाम, मादाम पुरे कर आता. पुढच्या तासाभरात मी मादाम लोआझेल होणार. गोंधळ होईल सगळ्यांचा. आई म्हण."

आर्मेलनं म्हणून बघितलं. जीभ अडखळली, दोघी हसल्या, आणि हसताना आर्मेलच्या हातातून शेवटचा हूक निसटला.

मेयरची कचेरी शाळेच्याच इमारतीत होती. भिंतीवर फ्रान्सचा नकाशा, कोपऱ्यात मतपेटी, आणि समोर गावचे मेयर, छातीवर तिरंगी पट्टा आडवा बांधून. खरं तर सायडर बनवणारा माणूस. अर्धं गाव आलं होतं. फिर्मँच्या हाताखालून ज्यांची वासरं आणि शिंगरं जगात आली होती, ते सगळे. निळ्या झग्यातल्या नवरीकडे पाहून एक शेतकरीण शेजारणीला म्हणाली, "किती साधी आहे बघ, पॅरिसची असून."

आर्मेल मोतिया रेशमात पहिल्या रांगेत बसली होती. लोक तिच्याकडेही बघत होते. तिला ते आवडत होतं. पूर्वी दालनातून चालताना लोक कपड्याकडे बघायचे. आज ती आणि कपडा एकत्र बसले होते. तिच्या एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला नणंद. मधल्या जागेसाठी कुणी भांडलं नव्हतं, ती आपोआपच मधे आली.

मेयरनं विचारलं. फिर्मँनं 'हो' म्हटलं, इतक्या मोठ्यानं की मागे कुणीतरी हसलं. ऑनोरीननं 'हो' म्हटलं, आणि सहीसाठी पुढे झाली. मेज उंच होतं. पेन घेऊन तिनं उजवा हात वर केला, आणि निळी बाही मुंढ्यापाशी गोळा झाली, पाठीवर तिरपी सुरकुती ओढली गेली, कॉलर एका बाजूला सरकली.

"स्स्स," एतिएनच्या दातांतून आवाज आला.

"स्स्स," आर्मेलच्या दुसऱ्या बाजूनं अगदी त्याच क्षणी सोलांज.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांचेही चेहरे असे आवळलेले, जणू कुणी दोघांच्याही पायाच्या एकाच बोटावर पाय दिलाय. सोलांजचे ओठ थरथरले. एतिएननं वर छताकडे पाहून दम धरायचा प्रयत्न केला, पण त्याचे खांदे हलायला लागले, आणि मग भर कचेरीत, मेयर सह्या घेत असताना, ती दोन प्रौढ माणसं तोंडावर हात दाबून हसत सुटली. मधे बसलेली आर्मेल दोन्हीकडून हादरत होती.

"आई गं," सोलांज डोळे पुसत कुजबुजली. "खालीच कमी पडलंय. तुझं बरोबर आहे."

"वरचा झोलही आहेच," एतिएन म्हणाला. "तुझंही."

जेवण अंगणात, सफरचंदाच्या झाडाखाली मांडलं होतं. ससा संपला, चीज आलं, सफरचंदाचा टार्ट कापायला घेतला, एवढ्यात रस्त्यावरून एक माणूस धावत आला. चिखलानं भरलेले बूट, टोपी हातात. लग्नाच्या पंगतीत आपण शिरतोय याची त्याला लाज वाटत होती.

"डॉक्टर, माफ करा... पण आमची राखाडी घोडी. मघापासून कळा देतेय. तरुण डॉक्टर गावाला गेलाय. एकच पाय बाहेर आलाय."

फिर्मँ उभा राहिलाच होता. मग त्याला आठवलं, आणि त्यानं नव्या बायकोकडे पाहिलं. त्याचा चेहरा कसनुसा झाला.

"जा की," ऑनोरीन म्हणाली. "थांबा, मीही येते. दिवा कोण धरणार तुमचा?"

"आई!" एतिएन उठला. "तबेल्यात? या कपड्यात?"

ऑनोरीननं तोवर फिर्मँच्या व्हॅनचं दार उघडलं होतं. बाह्या कोपरापर्यंत वर सारत ती वळली.

"मग काय करू, काचेच्या कपाटात ठेवू? कपडा अंगात घालायला असतो रे, पोरा." आणि ती चढून बसली. व्हॅन खडखडत उतारावरून निघून गेली.

ओदीलनं टार्टचा मोठा तुकडा स्वतःला वाढून घेतला.

"तो तपकिरी कोट," आर्मेल सोलांजला म्हणाली, "जिन्यावरून घसरत गेलेला. अजून मिळतो?"

सोलांजनं ग्लास खाली ठेवला. "तो आठवतो तुला?"

"मला फार आवडला होता."

एतिएन टेबलक्लॉथवर नखानं रेघ ओढत होता. "मी टाकायला नको होते," तो म्हणाला. "कपडे. माणूस कपडे जिन्यावर टाकत नाही. कुणाचेही असोत."

सोलांजनं सायडरची बाटली उचलून त्याचा ग्लास भरला, काठापर्यंत.

ऊन कललं तेव्हा व्हॅन परत आली. फिर्मँ आधी उतरला, दमलेला आणि खूश. "काळं शिंगरू झालंय! उभंसुद्धा राहिलं!" त्याच्यामागून ऑनोरीन. केसांत गवत, निळ्या झग्याच्या पुढच्या भागावर काय काय पसरलेलं, आणि उजवी बाही मुंढ्यापासून पार उसवून खांद्यावरून लोंबत होती.

"घोडीनं लाथ झाडली," ती म्हणाली. "मी दिवा वाचवला."

ती आत गेली, आणि थोड्या वेळानं फिर्मँचा चौकड्यांचा घरचा झगा गुंडाळून बाहेर आली. हातात धुऊन पिळलेला निळा कपडा होता. टेबलावरच्या बश्या बाजूला सारून तिनं तो बरोबर एतिएन आणि सोलांज यांच्या मधोमध ठेवला.

"घ्या. लग्न झालं. आता हात लावा."

मग ती फिर्मँच्या शेजारी बाकावर बसली आणि टार्ट मागितला. आर्मेलनं दोघांना वाढला, स्वतःलाही वाढला आणि जवळच, रेशीम सावरत टेकली. पलीकडे टेबलावर दोन डोकी एका बाहीवर वाकली होती.

"अगं, आधी खालची बाजू मोकळी कर!"

"मला शिकवू नकोस. तू आयुष्यात कधी ओला क्रेप धरलायस?"

"तू कधी मुंढा बसवलायस? कात्री दे."

"ती माझी कात्री आहे!"

फिर्मँ घास तोंडात तसाच ठेवून तिकडे बघत राहिला. आवाज चढतच चालले होते. तो बायकोच्या कानाशी वाकला.

"ऑनोरीन, ती दोघं पुन्हा भांडतायत. मी जाऊ का मधे?"

ऑनोरीननं डोळे मिटून, बाकावर पाठ टेकून ऐकलं.

"बसा हो," ती म्हणाली. "भांडत नाहीयेत. काम करतायत."